शिक्क्याचं कूळ

जेऊर स्टेशनाबाहेर प्रचाराची जीप उभी होती आणि भोंग्यातून तीच जुनी आळवणी चालू होती: ताई, माई, अक्का, विचार करा पक्का, आणि अमक्या चिन्हावर मारा शिक्का. केळीच्या गाड्याजवळची शाळकरी पोर आईला म्हणाली, "शिक्का कुठला गं? तिथं तर बटण असतंय." पोरीचं खरंच होतं. 2004 पासून लोकसभेला देशभर यंत्रच आहे. पण मला त्या शिक्क्यानं जे धरलं ते सोडलंच नाही.

गावातल्या जाणत्यांचं म्हणणं, ही घोषणा पहिल्या निवडणुकीपासूनची. मला ते पटत नाही. निवडणूक आयोग स्थापन झाला 25 जानेवारी 1950 ला. सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त, आणि 1951-52 ची निवडणूक त्यांनी पार पाडली ती पेट्यांवर. उमेदवार तितक्या पेट्या, प्रत्येकीवर त्याचं चिन्ह. चिठ्ठीवर काहीही न उमटवता ती हव्या त्या पेटीत टाकायची. 1957 लाही तसंच. लोकसभेच्या मतपत्रिकेवर चिन्हापुढे शिक्का मारायची पद्धत सार्वत्रिक झाली 1962 ला. मग शिक्क्याचं यमक त्याआधी जुळवायचं कुणाला सुचणार? घोषणेचा जन्म साठच्या दशकातला, यावर मी ठाम आहे.

तो शिक्का साधासुधा नाही. बाणांची फुली, चारही टोकं एकाच दिशेनं वळलेली. ओल्या शाईवर कागद दुमडला की समोरच्या चिन्हावरही ठसा उमटतो. तो उलटा दिसतो, टोकं विरुद्ध दिशेला वळतात, म्हणून मोजणीला बसलेला माणूस खरं मत कोणतं ते ओळखतो. घडीसुद्धा आधी उभी घालायला सांगत, म्हणजे शाई लागलीच तर त्याच उमेदवाराच्या ओळीत लागेल. एवढा बारीक विचार मी तरी दुसऱ्या कुठल्या सरकारी रबरात पाहिलेला नाही.

आता शब्दाकडे. करमाळ्याचे एक निवृत्त गुरुजी शिक्क्याला 'शिखा'शी जोडतात: कागदाच्या शेंड्यावर उमटतो तो शिक्का. ऐकायला गोड आहे, आणि पेशवाईतल्या कागदांवर शिक्का माथ्याला नि मोर्तब शेवटी असे, म्हणून 'शिक्कामोर्तब', हेही त्यांच्या बाजूनं जातं. पण गुरुजी, शब्द अरबी आहे हो! 'सिक्का' म्हणजे नाणं पाडायचा ठसा. फारसीतून तो आपल्याकडे आला आणि मराठी जिभेनं त्याच्या 'सि'चा 'शि' केला, जसा सिपाहीचा शिपाई, सिफारसची शिफारस. सियाहीची शाई झाली तीही याच घराण्यातली. बोटाला लागणारी मैसूरची शाईसुद्धा 1962 चीच. म्हणजे एकाच निवडणुकीत मैसूरची शाई आणि शिक्का हे दोघे फारसीतून आलेले भाऊबंद देशभरच्या मतदान केंद्रांत शिरले.

हाच 'सिक्का' पश्चिमेला गेला तेव्हा व्हेनिसमध्ये टांकसाळीला 'झेक्का' म्हणू लागले, तिथल्या सोन्याच्या नाण्याला 'झेक्किनो', आणि त्यातून इंग्रजीतला 'सिक्विन' आला. शालूवर चमकते ती टिकली! भोंग्यातल्या ताईच्या पदरावर आणि तिच्या मतपत्रिकेवर एकाच कुळातला शब्द बसला होता.

उरली अक्का. ती कन्नड, म्हणून घोषणा सोलापूर-सांगलीच्या सीमाभागात जन्मली असा माझा लाडका तर्क आहे. गुरुजी यावर हसले. "अहो, पुण्यातही अक्का असतात की." असतात. तर्क मी तरीही सोडलेला नाही.

कागदावरच्या मताची ओढ अजून गेलेली नाही. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात, मारकडवाडीत, 3 डिसेंबर 2024 ला गावकरी कागदावर पुन्हा मतदान घ्यायला निघाले होते. प्रशासनानं जमावबंदी लावली आणि त्यांना बेत गुंडाळावा लागला. निवडणूक घ्यायचा अधिकार घटनेनं आयोगाकडे दिलेला. गावानं छापलेल्या चिठ्ठीला कायद्यात जागा नाही.

आयोगाचा शिक्का मात्र अजून निवृत्त झालेला नाही. आपण केंद्रावर जावं आणि आपल्या नावानं आधीच कुणीतरी मत देऊन गेलेलं असावं. ओळख पटली तर अशा वेळी केंद्राध्यक्ष यंत्राकडे पाठवत नाहीत. ते प्रदत्त मतपत्रिका देतात, सोबत तोच बाणफुलीचा शिक्का, आणि खूण केलेला कागद वेगळ्या पाकिटात ठेवतात. केळीच्या गाड्यावरच्या पोरीला हे सांगायला परत गेलो, तर जीप निघून गेली होती आणि ती गिऱ्हाइकाला डझन मोजून देत होती.