सहस्रधारा: चुनखडीचा डोंगर आणि सुप्रीम कोर्टाला गेलेलं पत्र

आजचा भाग देहरादूनजवळच्या सहस्रधारेचा. मी ऐन ऑगस्टमध्ये गेलो होतो. बाल्दी नदी फुगलेली, चहासारखी गढूळ. आणि बाजूच्या कड्यातून टपटपणारं पाणी मात्र एकदम नितळ. गंधकाच्या झऱ्याचा तो वासही येतोच.

हे पाणी येतं कुठून? पाऊस चुनखडीच्या डोंगरात मुरतो, भेगांमधून उतरताना चुना विरघळवत खाली येतो. बाहेर हवा लागली की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि चुना दगडावर बसतो. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो ना, तेच; फक्त इथे हजारो वर्षं चाललंय. त्यातूनच त्या ओबडधोबड पायऱ्या आणि लोंबणारे दगड झाले.

म्हणजे डोंगरातली चुनखडी हीच झऱ्याची टाकी. पण साखर, पोलाद, रसायनं या कारखान्यांनाही तीच हवी होती. मसुरीच्या डोंगरांत सुरुंग लावून खाणी चालल्या. उतार उघडे पडले, पावसात दरडी आणि दगडगोटे ओढ्यांत उतरू लागले.

१९८३च्या जुलैत देहरादूनच्या 'रुरल लिटिगेशन अँड एंटायटलमेंट केंद्र' या संस्थेने सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. साधं पत्र! कोर्टाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. १२ मार्च १९८५चा आदेश मी मुद्दाम पूर्ण वाचला. पर्यावरणाचा असा प्रश्न देशात पहिल्यांदाच कोर्टापुढे आलाय, असं त्यात न्यायमूर्तींनीच म्हटलंय. अनेक खाणी बंद झाल्या, आणि १९८८ मध्ये तीन सोडून बाकी सगळ्याच बंद करायला सांगितलं.

मला खरा अडकवणारा भाग मजुरांचा आहे. त्यांचा रोजगार जाणार हे कोर्टाला दिसत होतं. लोकांना निरोगी परिसर मिळण्यासाठी ही किंमत मोजावीच लागेल, हे मात्र त्याने खाणमालकांच्या नुकसानीबद्दल म्हटलं. पण किंमत मोजणाऱ्यांत मजूरही होते. त्यांना शक्यतो वनीकरणाच्या कामावर घ्या, असंही सांगितलं गेलं. निकाल मला बरोबरच वाटतो, तरी तेवढी ओळ वाचून मी थांबलो.

जाणार असाल तर पाऊस उघडल्यावर जा. सप्टेंबर २०२५ मध्ये इथेच ढगफुटी झाली, नदीकाठची दुकानं वाहून गेली.