सागवानी व्हिनियर म्हणजे काय? ते खरं लाकूड असतं का?

यवतमाळ जिल्ह्यात साग कुणाला नवा नाही. पांढरकवडा, घाटंजी, पुसद, उमरखेड भागातल्या पानझडी जंगलांत सागाची झाडं भरपूर आहेत. जुन्या घराचं सागवानी दार वाळवी न लागता पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, हे इथे अनेकांनी पाहिलेलं आहे. म्हणूनच दुकानात एखादं कपाट ‘सागवानी’ म्हणून दाखवलं की आपण निश्चिंत होतो. पण त्यात साग फक्त अर्धा मिलिमीटर असू शकतो. या पातळ थराला व्हिनियर म्हणतात.

व्हिनियर कसं तयार होतं?

सागाचा ओंडका आधी गरम पाण्यात किंवा वाफेवर मऊ केला जातो. मग मशीनच्या लांब पात्याने त्याचे जाड कागदाएवढे पातळ काप काढतात. ते वाळवून, शेजारी शेजारी जोडून प्लायवर चिकटवतात. बाजारात मिळणारी शीट सहसा ८ बाय ४ फूट आणि सुमारे ४ मिलिमीटर जाडीची असते. त्यात साग फक्त वरच्या थरात असतो.

ओंडका कोणत्या दिशेने कापला यावर नक्षी ठरते. ‘क्राउन कट’मध्ये डोंगरासारख्या कमानी दिसतात, तर ‘क्वार्टर कट’मध्ये सरळ रेषा.

मग ही फसवणूक आहे का?

नाही. व्हिनियर म्हणून सांगून विकलं, तर अजिबात नाही. एक घनफूट सागातून एक इंच जाडीच्या फळ्या काढल्या तर जास्तीत जास्त १२ चौरस फूट मिळतात. अर्ध्या मिलिमीटरचे काप काढले तर हिशेबाने सुमारे ६०० चौरस फूट होतात. तूट वजा केली तरी फरक प्रचंड आहे. सागाचं झाड मोठं व्हायला कित्येक दशकं लागतात. महाराष्ट्रात स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही परवानगी लागते; १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या यादीत साग आहे. अशा वेळी थोड्या लाकडात जास्त काम होणं चांगलंच.

फसवणूक होते ती व्हिनियरचं सामान भरीव सागाच्या भावात विकलं जातं तेव्हा.

सागाचे कोणते गुण मिळतात?

रंग, रेषा आणि हाताला जाणवणारा पोत खऱ्या सागाचाच असतो. ज्याला आपण सरसकट सनमायका म्हणतो, त्या लॅमिनेटवर मात्र लाकडाचं छापील चित्र असतं.

मजबुती आणि वाळवीपासून संरक्षण हे गुण व्हिनियरसोबत येत नाहीत. सागाच्या गाभ्यातल्या नैसर्गिक तेलांमुळे आणि इतर द्रव्यांमुळे वाळवी दूर राहते. व्हिनियरच्या कपाटात वाळवीला आतलं प्लाय मिळतं. त्यामुळे कपाट किती टिकेल हे प्लाय ठरवतं. ओल येण्याची शक्यता असेल तर आयएस ७१० दर्जाचं मरीन प्लाय बघा आणि वाळवीरोधक प्रक्रिया केली आहे का, हेही विचारा.

कुठे वापरावं, कुठे नाही?

कपाटाची दारं, पलंगाची पाठ, भिंतीचं पॅनेल, आतल्या खोल्यांची दारं यांसाठी व्हिनियर उत्तम. पावसाचा मारा बसणारं बाहेरचं दार, चौकट आणि न्हाणीघर यांसाठी टाळा. पाणी शिरलं की थर फुगतो, सुटतो.

घेण्याआधी काय तपासाल?

- फळीची कड बघा. वरच्या रेषा कडेवर खाली उतरत असतील तर लाकूड भरीव असण्याची शक्यता जास्त. कडेला प्लायचे थर दिसले किंवा वेगळी पट्टी मारलेली असली, तर ते व्हिनियर असू शकतं.
- तीच नक्षी हुबेहूब पुन्हा पुन्हा दिसली तर ते छापील असू शकतं.
- बिलावर ‘भरीव सागवान’ की ‘सागवानी व्हिनियर’, हे स्पष्ट लिहून घ्या.

काळजी कशी घ्यावी?

मेलामाइन किंवा पीयू पॉलिश करून घ्या. ओल्या फडक्याऐवजी कोरडं मऊ कापड वापरा. पुन्हा पॉलिश करताना मिस्त्रीला बारीक पेपरने, हलक्या हाताने घासायला सांगा; मशीन जास्त फिरली तर सागाचा थर निघून खालचं प्लाय उघडं पडतं. भरीव सागाला रंधा मारून पुन्हा नवं करता येतं, व्हिनियरला ती सोय नाही.