गंगारामाचा गेंडा

इ. स. १७९० च्या नोव्हेंबरात पुण्यात एका गेंड्याचे जलरंगी चित्र तयार झाले. गेंडा पेशव्यांच्या शिकारखान्यातला, चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट, आणि चित्र काढविणारा इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट. सोळा वर्षांच्या सवाई माधवरावांस जनावरांची हौस होती, आणि शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. त्याच जूनमध्ये मॅलेटने टिपूविरुद्ध पेशव्यांशी तह केला होता. अशा धामधुमीत त्यास गेंडा सुचावा याचे नवल नको. परमुलखाची मोजदाद करावयाची म्हणजे तीत किल्ल्यांबरोबर लेणी व श्वापदेही आलीच.

युरोपास गेंडा अगदीच अपरिचित नव्हता. १५१५ साली गोव्याहून लिस्बनला गेलेल्या गेंड्याचे केवळ वर्णन व रेखाटन पाहून ड्यूररने आपले प्रसिद्ध चित्र केले, आणि जनावराच्या अंगावर चिलखताचे पत्रे चढविले. पुढे दोन शतकांहून अधिक काळ तेच पत्रे खरे मानले गेले! गंगारामासमोर मात्र जिवंत जनावर होते. आपल्या जुन्या चित्रांत प्राणी रेषेने ओळखू येई, सावलीचे तेथे फारसे काम नसे. गंगारामाने कातडीच्या वळ्या छायेने उठविल्या. तांबट हे आडनाव भांडी घडविणाऱ्यांचे. ठोकलेल्या धातूच्या फुगवट्यावर उजेड कोठे थांबतो हे अशा घराण्यातील हातास उपजतच कळत असावे, असे मला वाटते.

त्याच सुमारास लंडनमध्ये जॉर्ज स्टब्स शरीरशास्त्रज्ञ जॉन हंटर यांच्याकरिता गेंडाच रंगवीत होता. याच स्टब्सच्या सिंहास पाहून बिचकणाऱ्या पांढऱ्या घोड्याच्या चित्रांत काळोख व प्रकाश यांची झुंज आहे खरी. पण तेथे घोड्यापेक्षा भयच अधिक दिसते. नवेगाव बांधच्या रानात सावलीत उभा असलेला रानगवा चटकन नजरेस पडत नाही. छाया तेथे जनावरास झाकते. तिच्याकडून त्यास उघडे करविणे हे चित्रकाराचे काम, आणि गंगारामाने ते भयाचे नाट्य न करता साधले आहे.

पुढे स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यास आला व गंगाराम त्याच्या हाताखाली राबला. १७९५ साली वेल्स वारला, त्याच वर्षी सवाई माधवरावही गेले. वेरूळच्या लेण्यांचा चित्रग्रंथ १८०३ साली लंडनमध्ये निघाला, तो वेल्सच्या नावाने. गंगारामाचा गेंडा आज अमेरिकेत, न्यू हेवन येथील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहे.