मोहाचा कायदा

परदेशी मुलांकडे जाऊन आलेल्यांना ठाऊक असेल, की स्पेन-फ्रान्समध्ये जुन्या द्राक्षवेलींना फार मान आहे. मांडवाशिवाय झुडपासारख्या वाढलेल्या, निव्वळ पावसावर जगणाऱ्या या वेलींना फळ थोडे येते, पण रस दाट असतो. त्या मोजक्या बाटल्यांची किंमतही तशीच. आपल्या इंदूरच्या पश्चिमेला, आलीराजपूर-झाबुव्याच्या डोंगरांत, याच गुणांचे झाड पिढ्यान्‌पिढ्या उभे आहे. ते म्हणजे मोह, आपण बाजारात ज्याला महुआ म्हणतो. त्याला खत नाही, पाटाचे पाणी नाही.

मार्च-एप्रिलमध्ये त्याची मांसल फुले रात्री गळतात आणि पहाटे वेचली जातात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर भरते. फुले भिजवून काही दिवस आंबवायची, मग मडक्यात उकळून वाफ नळीवाटे थंड पाण्यातल्या भांड्यात उतरवायची. म्हणजे ही वाइन नव्हे, गाळलेली दारू; हा फरक मी मान्य करतो. पण ही फुले नुसती दारूची नव्हती. टंचाईच्या दिवसांत गरिबाचे पोट त्यांवर चाले.

मुंबई सरकारला मात्र त्यांत महसूल दिसला. १८७८ च्या आबकारी कायद्याने दारू गाळणे मक्तेदारांच्या हाती गेले. तरी घराघरांत मडकी पेटतच राहिली. तेव्हा सरकारने मडके सोडून फुलालाच हात घातला. १८९२ चा मोहाविषयीचा कायदा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले गोळा करणे व बाळगणे यांवर बंधन घालणारा होता. अंगणात पडलेले फूल गुन्ह्याचा पुरावा ठरू शकते, ही कल्पना सुचायला आबकारी खात्याचीच बुद्धी हवी!

यावरून आदिवासी दारूलाच चिकटून होते असे समजू नका. १९२२ च्या सुमारास ठाणे, नाशिक, डांग आणि सुरत या पट्ट्यात देवीच्या नावाने हजारोंनी दारू सोडली. त्यात दारूविक्रेत्यांच्या पकडीतून सुटण्याची इच्छाही होती. सरकारच्या बंदीला न जुमानणाऱ्यांनी स्वतःहून सोडली, हे मला फार बोलके वाटते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवर नियंत्रण राहिले. महाराष्ट्रात फुले वेचण्यावरचे, नेण्यावरचे निर्बंध हटले ते २०२१ मध्ये. आपल्या मध्यप्रदेशाने पुढच्याच वर्षी या दारूला ‘हेरिटेज’ ठरवले आणि आदिवासी बचत गटांना ती बनवण्याची वाट खुली केली. आलीराजपूरच्या कट्ठीवाड्याची बाटली ‘मोंड’ या नावाने विकायला आली.

बाटलीवर आता छापील लेबल असते. फुले मात्र अजून पहाटेच वेचावी लागतात, कारण उजाडेपर्यंत थांबले तर गुरे आधी पोचतात.