अल्मकहला चंद्र कोणी केलं?

येमेनमध्ये मारिबजवळ पाच उंच चौकोनी खांब उभे आहेत, सहावा मोडलेला. आसपासचे लोक या जागेला ‘बिल्किसचं सिंहासन’ म्हणतात. बिल्किस म्हणजे शेबाची राणी; तिचा तिथे पुरावा काही नाही. ते अल्मकहचं बर्रान देऊळ. अल्मकह हा सबा राज्याचा मुख्य देव. सबाची प्रजा शिलालेखांत ‘अल्मकहची लेकरं’ म्हणवली जाई. शेजारचे मईनवाले तशीच वद्दची, कताबानवाले अम्मची. देव एक, म्हणजे राज्य एक.

पुस्तकांत मात्र अल्मकह ‘चंद्रदेव’ म्हणून भेटतो. हे बिरूद भक्तांचं नाही, अभ्यासकांचं. डिटलेफ नील्सन या डॅनिश पंडिताने १९०४ साली प्राचीन अरबांच्या चंद्रधर्मावर पुस्तक लिहिलं. पुढे त्याने चंद्र बाप, सूर्य आई, शुक्र मुलगा असा संसारच थाटून दिला. अल्मकहचं चिन्ह बैल, आणि बैलाची शिंगं म्हणजे चंद्रकोर! इतकी सुटसुटीत मांडणी कोणाला नको असते? ती पुस्तकामागून पुस्तकात उतरत गेली. जॅकलिन पिरेन आणि जोव्हान्नी गार्बिनी यांनी पुढे ती मोडीत काढली. त्यांना बैल आणि द्राक्षवेल या अल्मकहच्या चिन्हांत चंद्र दिसेना.

मला विचाराल तर देव ओळखावा नवसांवरून. मारिबच्याच अव्वाम या अल्मकहच्या दुसऱ्या देवळाच्या लंबगोल कोटात नवसाच्या लेखांची रास सापडली. मजकूर ठरलेला: अमक्याने काशाची मूर्ती वाहिली, कारण देवाने कौल दिला तसं झालं, लढाईतून सुखरूप परत आणलं, मुलगा दिला, पीक दिलं. पुढेही असंच द्यावं. १९५१-५२ मध्ये वेंडेल फिलिप्स यांच्या अमेरिकी तुकडीने इथे खणलं आणि मअदीकरिब नावाच्या माणसाचा पाठीवर सिंहाचं कातडं घेतलेला काशाचा पुतळा बाहेर काढला.  बैल तर पूजेतही होताच: सबाच्या अर्घ्यवेदींच्या कडेला बैलाचं मुंडकं कोरलेलं असे; ओतलेलं अर्घ्य आपल्याकडच्या गोमुखासारखं त्यावरून वाहून जाई.

हा देव तांबडा समुद्र ओलांडून इथिओपियातही गेला. येहा इथल्या त्याच्या देवळाच्या भिंती अजून सुमारे १४ मीटर उंच उभ्या आहेत, कारण पुढे तिथे चर्च झालं. मायदेशी मात्र चौथ्या शतकाच्या अखेरीस तेव्हा सबावर सत्ता असलेल्या हिम्यारच्या राजांनी एकाच देवाची, ‘रहमानान’ची, कास धरली आणि अल्मकहला राजाश्रय उरला नाही.