वर्गघनघात की घनवर्ग? घातांकांची जुनी गोष्ट

तत्त्वज्ञानाचा माणूस आज गणितावर बोलणार म्हणून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. कारण घरगुती आहे. माझी नात सातवीत आहे. परवा इथं कोल्हापुरातच, जेवणाआधी, ती घातांकांची उदाहरणं सोडवत बसली होती. दोनाचा तिसरा घात गुणिले दोनाचा चौथा घात. तिनं उत्तर लिहिलं, दोनाचा बारावा घात. मी म्हटलं, "अगं, घातांकांची बेरीज करायची." ती म्हणाली, "मध्ये चिन्ह गुणाकाराचं आहे ना आजोबा, मग बेरीज का?" मी म्हणालो, "तसा नियम आहे."

आणि मंडळी, लाज वाटली. 'का' विचारा, असं पोरांना सांगण्यात माझी उभी हयात गेली, आणि घरात मात्र मी नियमाचा धाक दाखवून मोकळा झालो.

उत्तर तसं सोपं आहे. तीन वेळा दोन मांडा, त्यांच्यापुढं आणखी चार वेळा दोन, आणि सगळ्यांचा गुणाकार करा. दोन किती वेळा आले? सात. आठ गुणिले सोळा, १२८. बारावा घात ४०९६ होतो, म्हणजे फरक बत्तीस पटींचा! पण मला छळत होतं ते वेगळंच. ही चूक इतकी सहज का होते? जुनी पुस्तकं काढली तेव्हा दिसलं, की याच वळणावर दोन परंपरा दोन वाटांनी गेल्या आहेत.

आपल्याकडं दुसरा घात म्हणजे वर्ग, तिसरा म्हणजे घन. चौथ्याला स्वतंत्र नाव नाही, तो वर्गवर्ग. सहावा घनवर्ग, म्हणजे घनाचा वर्ग. नववा घनघन. नावाला नाव जोडलं की घातांकांचा गुणाकार होतो. मग पाचव्याचं काय करणार? दोन आणि तीन गुणून पाच येत नाहीत. म्हणून तिथं एक शब्द मुद्दाम जोडला: वर्गघनघात. संस्कृतात घात म्हणजे गुणाकार. वर्ग आणि घन यांचा गुणाकार केला, की इथं घातांकांची बेरीज. सातवा तर वर्गवर्गघनघात! उच्चारतानाच दम लागतो. ब्रह्मगुप्त त्या मानानं व्यवहारी माणूस. त्यानं पंचगत, षड्गत असं सरळ संख्येनंच म्हटलं.

आता अलेक्झांड्रियाचा डायोफँटस बघा. त्याच्याकडं नावाला नाव जोडलं की बेरीज. त्याचा घनघन म्हणजे सहावा घात, आपला घनघन नववा. शब्द तोच, अर्थ वेगळा. आणि गंमत म्हणजे वर्गवर्गापाशी दोघंही चौथ्यावरच येतात, कारण दोन अधिक दोन आणि दोन गुणिले दोन सारखेच. मुलांना पहिलं उदाहरण वर्ग गुणिले वर्ग असं दिलं तर चूक झाकली जाते. माझ्या मते ते उदाहरण पहिलं देऊच नये. अंकाच्या डोक्यावर छोटा अंक लिहायची आजची रीत देकार्तच्या १६३७ च्या पुस्तकानं रुळवली. देकार्त मी वर्षानुवर्षं शिकवला. 'मी विचार करतो' इथंच थांबत आलो, हेही कबूल करतो.

हे सगळं दूरचं नाही बरं का. चाळीसगावजवळ पाटण इथं १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा तो लेख. मठाला कोणतं उत्पन्न मिळावं, तो भाग चक्क मराठीत कोरलाय. गणिताच्या शिकवणीची तरतूद, मराठीत! डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. मठात शिकणारे मोजके. आमच्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पाटी घराघरांत जायला लागली.

त्या भास्कराचार्यांच्या लीलावतीत (साल ११५०) एक उदाहरण आहे. एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो, मग रोज दुप्पट. महिन्यात एकूण किती? यासाठी दोनाचा तिसावा घात लागतो. तीस वेळा गुणत बसायचं? नाही. तीस सम, निम्मे करा, 'वर्ग' लिहा. पंधरा विषम, एक काढा, 'गुण' लिहा. चौदा सम, निम्मे सात, वर्ग. असं शून्यापर्यंत जा आणि उलट या: २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८, १०७३७४१८२४. आठ पायऱ्यांत काम झालं. इथं दोन्ही नियम शेजारी शेजारी राबताना दिसतात. वर्ग केला की घातांक दुप्पट, दोननं गुणलं की घातांकात एकाची भर. एकूण दान २१४७४८३६४६ कवड्या, म्हणजे १०४८५७ निष्क आणि वर थोडी चिल्लर.

दुसऱ्या दिवशी नातीला हे करायला दिलं. कागदावर तिनं ते चिन्हांसकट उतरवलं, एक चूक केली, स्वतःच खोडली. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "आजोबा, एकातून एक काढला, खाली शून्य राहिलं. तिथं पहिल्यांदा दोननं गुणायचं ते कशाला?"

मी म्हटलं, "तूच सांग. गुणून दोन यायला हवेत."

"म्हणजे एकाला," ती म्हणाली. "मग दोनाचा शून्यावा घात एक?"

यावेळी मी नियम सांगितला नाही. म्हटलं, "तिनाचं करून बघ." ती बघत होती, तेवढ्यात आतून जेवायला हाक आली.