मानवी जीवनाचा प्रारंभ : धर्म, कायदा आणि गिरगाव – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

मानवी जीवनाचा प्रारंभ नेमका केव्हा होतो, हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच धर्म, नीती आणि कायदा यांचाही आहे. गिरगावातील खोताची वाडी या दृष्टीने विचार करावयास लावणारी आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू जमीनमालकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाडीत हिंदू आणि ईस्ट इंडियन कॅथलिक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारधर्माने नांदली. गर्भाचा नाश हे पाप, याविषयी दोन्ही परंपरांचे एकमत होते. मात्र गर्भाला 'माणूस' केव्हा म्हणावे, याचे उत्तर दोहोंतही एकच एक नव्हते. ही उत्तरे कोणत्या हेतूने दिली गेली, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

हिंदू परंपरा : संस्कार, सुतक आणि डोहाळे

चरकसंहितेनुसार शुक्र, शोणित आणि जीव यांच्या संयोगास गर्भ म्हणतात. म्हणजे जीव आरंभापासूनच आहे. गर्भोपनिषद मात्र सातव्या महिन्यात गर्भ जीवाने युक्त होतो असे सांगते. सुश्रुताच्या मते चौथ्या महिन्यात हृदय व्यक्त होऊन चैतन्य प्रकट होते. तेव्हा स्त्री दोन हृदयांची, म्हणजे 'दौहृदिनी' होते, व तिच्या इच्छा पुरविल्या पाहिजेत. 'डोहाळे' हा आपल्या नित्य बोलण्यातील शब्द याच कल्पनेशी जोडला जातो.

धर्मशास्त्राने आणखी वेगळा हिशोब मांडला. भ्रूणहत्या महापातकासमान मानूनही, पराशरस्मृतीत चौथ्या महिन्यापर्यंत 'स्राव', पाचव्या-सहाव्या महिन्यात 'पात' आणि त्यापुढे 'प्रसूति' असा भेद आहे. गर्भस्राव झाल्यास जितके महिने तितक्या रात्रींचे अशौच मनूने सांगितले. थोडक्यात, पापाची रेषा एके ठिकाणी, तर सुतकाची पायरीपायरीने चढत जाणारी. या विपुल वचनांची चिकित्सक मांडणी महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात केली. त्यांची कर्मभूमीही गिरगावच होती, हे येथे नमूद करणे उचित ठरेल.

ख्रिस्ती परंपरा : आत्म्याचा प्रवेश

कॅथलिक धर्मपीठाने गर्भपात सदैव निषिद्ध मानला. तथापि ॲरिस्टॉटलला अनुसरून थॉमस ॲक्वायनसने गर्भात विवेकी आत्मा काही काळानंतर प्रवेश करतो असे प्रतिपादन केले. 1588 मध्ये पोप पाचवे सिक्स्टस यांनी हा भेद बाजूला सारून कठोर शिक्षा सांगितली. 1591 मध्ये चौदावे ग्रेगरी यांनी ती शिथिल केली. 1869 मध्ये नववे पायस यांनी सात्म आणि अनात्म गर्भ हा भेद शिक्षेपुरता पुन्हा काढून टाकला. म्हणजे आज अनादि वाटणारी ही रेषा खोताच्या वाडीतील कित्येक घरांच्या वयाचीच आहे.

कायदा आणि सुधारणा

1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 312 ने इंग्लंडातील जुनी कल्पना येथे आणली. गर्भपाताला तीन वर्षांपर्यंत, परंतु गर्भाची हालचाल स्त्रीस जाणवू लागल्यानंतर सात वर्षांपर्यंत कैद ठरविण्यात आली. शिक्षेस ती स्त्रीही पात्र होती. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हा भेद कायम आहे.

गिरगाव चौपाटीसमोरील विल्सन महाविद्यालयात गणित शिकविणारे र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यामुळे 1925 मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. 1930 मध्ये पोप अकरावे पायस यांनी गर्भनिरोध आणि गर्भपात या दोहोंचा एकाच परिपत्रकात निषेध केला. कर्व्यांचा आग्रह याच्या उलट होता : नको असलेला गर्भ राहूच न देणे, म्हणजे पुढचा पेच उद्भवतच नाही. 'समाजस्वास्थ्य' मासिकावरील 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. 1938 मध्ये आंबेडकरांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, पण तो फेटाळला गेला.

पुढे महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या शिफारशींवर आधारित 1971 चा गर्भपातविषयक कायदा आला. त्याने आत्म्याविषयी मौन पाळून आठवडे मोजले : बारापर्यंत एका, वीसपर्यंत दोन डॉक्टरांचे मत. ही मर्यादा ओलांडलेल्या, गर्भाच्या हृदयात दोष आढळलेल्या मुंबईतील एका दांपत्यास 2008 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. या प्रकरणाने देशभर चर्चा घडविली. 2021 च्या दुरुस्तीने विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी मर्यादा 24 आठवडे झाली. गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानुसार ही मर्यादा लागू होत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, जीवनारंभाची रेषा ज्याने त्याने आपल्या प्रयोजनानुसार आखली. वैद्याला गर्भिणीची काळजी घ्यावयाची होती, स्मृतिकाराला सुतक मोजावयाचे होते, धर्मपीठाला प्रायश्चित्त ठरवावयाचे होते आणि न्यायाधीशाला शिक्षा. म्हणूनच 'आमच्या धर्माचे उत्तर पहिल्यापासून एकच' हा दावा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. यातून गर्भाचे मूल्य कमी होते असे नव्हे. परंतु या सर्व गणितांत जिच्या उदरात तो गर्भ होता, तिचे मत क्वचितच विचारले गेले. 'दौहृदिनी' म्हणताना प्राचीनांनी दोन हृदये मोजली होती. त्यांतील दुसऱ्याविषयी आपण शतकानुशतके वाद घातला. पहिल्याचे ऐकणे अद्याप पुरेसे झालेले नाही.